चपलांच्या कोपऱ्याकडे तोंड

प्रिय असबग,

अकरा वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलो तर हसू आवरत नाही. काल आपल्या मशिदीत फुतूहनं, तोच आपला बांग देणारा, चपलांची फळी उचलून दुसऱ्या दाराशी नेली. काबा नेमका त्या फळीच्या बाजूला निघाला! फुतूह म्हणतो, "तीस वर्षं चपला तेवढ्या बरोबर जागी होत्या, चुकीचे उभे होतो ते आपण."

म्हणजे तू खरा होतास. लिहून टाकलं एकदाचं. माझ्या उस्तादाच्या मशिदीत काब्याची दिशा दाखवणारा मेहराबाचा कोनाडा दक्षिणेला, म्हणून मी बांधलेल्या आपल्या मशिदीतही. आम्ही गवंडी असेच शिकतो, उस्तादाची चूकसुद्धा गुळगुळीत करून घेतो. तू विणकराचा पोरगा, वैद्यकी शिकलास, ग्रीकांची पुस्तकं पालथी घातलीस आणि एका शुक्रवारी सगळ्यांसमोर म्हणालास, काबा पूर्वेला आहे, जरासा दक्षिणेकडं कललेला, भिंत चुकली. पुस्तकांनी याचं इमान पातळ केलं, असं लोक म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं मी. तू आवाजही चढवला नाहीस. "खलफ, कशाकडं तोंड करायचं ते श्रद्धा सांगते. ते कुठल्या बाजूला आहे हे शोधायला अल्लानंच डोकं दिलंय," एवढं बोललास आणि महिन्याभरात गाव सोडून इश्बिलिया शहरात निघून गेलास.

जाताना माझ्या दाराच्या फटीत एक कागद खोचलास. मला कुठं वाचता येत होतं? आणि वाचून घ्यायला तुझ्याशिवाय जाणार कुणाकडं? पेटीच्या तळाशी टाकला. यंदा गुडघ्यांनी काम सोडायला लावलं, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी मी पाटीवर अक्षरं गिरवली, मग आकडे. नातवंडं पोट धरून हसायची. मग तुझा कागद वाचला, त्यात सांगितलंस तशी अंगणात काठी रोवली, भोवती हिंदुस्थानातल्या ज्योतिषांचं ते वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक रेघेला कुठं शिवतं, दुपारनंतर कुठून बाहेर पडतं, खुणा केल्या, जोडल्या. पूर्व-पश्चिम सापडली. सात दिवस केलं, सातही दिवस माझीच भिंत मला वाकुल्या दाखवत होती. इमामसाहेब वर्तुळाभोवती दोनदा फिरले, दाढी कुरवाळली, म्हणाले, भिंत राहू दे, माणसं वळवू. फरशीवर तिरक्या रेघा मीच कोरल्या. हात अजून थरथरत नाही हो.

तुला वाटलं असेल, मी भिंतीच्या अभिमानापायी भांडलो. नाही रे. तू बोललास त्याच्या आधी वीसच दिवस नुझा गेली होती. माझी बायको शेवटपर्यंत त्याच भिंतीकडं तोंड करून झुकली. तू म्हणालास भिंत चुकली. मला ऐकू आलं, हिचं काहीच पोचलं नाही. तुझ्या कागदाच्या तळाशी मात्र तू लिहिलं होतंस, "ज्यानं मनापासून शोधलं, त्याचं पोचलं. नुझावहिनींचंही." अकरा वर्षं हे पेटीत पडून होतं, गड्या. वाचलं आणि अंगणात लहान पोरासारखा नाचलो. गुडघेही विसरलो.

पत्र याचसाठी की आता तू ये. वैद्यही लागतोच आहे. नमाजाच्या ओळीत मध्ये फट ठेवू नये, म्हणून मी टोकाला उभा राहतो; माझ्या पलीकडं खांबापर्यंत बरोबर एका माणसाची जागा उरते. तिथं नुझाची चटई अंथरून ठेवली आहे, नव्या रेघेवर.

तुझाच,
उशिरा वळलेला खलफ