मडमाईचे चार दगड

पिंगळी, मंगळवार, संध्याकाळ

आज दुपारी इंग्लंडहून एक बाई आल्या. त्यांचे पणजोबा, मेथडिस्ट पाद्री, इथं येऊन राहिलेले. त्यांच्या पहिल्या बायकोची कबर बघायची होती. म्हणजे आमची मडमाई! लेकरू व्हावं म्हणून बाया जिथं पाळणा बांधतात ती. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून सोबत मलाच पाठवलं.

कबरीवरचा शेंदूर बाईंनी बोटानं चाचपला. मग शेजारचे चार लहान दगड त्यांनी रुमालानं पुसले. ही तिची चार लेकरं, म्हणाल्या. एकही वर्षाचं झालं नाही. पाचव्या बाळंतपणात तीही गेली. पाद्र्यानं मागून दुसरं लग्न केलं.

त्याच दगडांवर आम्ही नारळ फोडतो. माझ्यासाठी आईनं तिथंच फोडला होता.

बाई गेल्या आणि माझी सीमा पाळणा घेऊन आली. पोरीचं दोनदा पोट पडलंय. काय सांगायचं तिला? कोणत्या तोंडानं?

पाळणा बांधता बांधता तिनं विचारलं, "आई, मडमाईला लेकरं किती होती गं?"

"चार." खोटं कुठं होतं ते?

"मंग देती ती," म्हणाली. किती दिवसांनी हसली! नारळ घेऊन दगडांकडं वळली. मी अडवलं नाही.

पहिल्याच घावात फुटला.