चकार शब्द नाही

आंदोंग,
२० सप्टेंबर २०११

ह्येरान,

सूनबाई म्हणायचा हक्क राहिला नाही, म्हणून नावानंच हाक मारते. तुझी तब्येत बरी असेल. बुसानला तुझं शिवणकामाचं दुकान छान चाललंय, असं तुझ्या मावशीकडून कळलं. बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात. परसातल्या पर्सिमनला यंदा फळ कमी आहे. सांग-उकनं दुसरं लग्न केलं नाही.

मागच्या आठवड्यात पूर्वजांची पूजा झाली. म्हणजे, पुरती झालीच नाही. तेच सांगायला बसले आणि पर्सिमनचं लिहीत राहिले.

आठ वर्षांपूर्वी याच पूजेला तुला सातवा महिना होता. पहाटेपासून तू स्वयंपाकघरात खाली बसून कोबीची धिरडी काढत होतीस. नऊच्या सुमारास हळूच म्हणालीस, "आई, ओटीपोटात दुखतंय हो."

मी मानही वर केली नाही. "आज सगळ्यांचंच दुखतं. आपण आडवं झालो तर पूजा कोण मांडणार? उलट ते धिरडं."

दुपारी तू उठलीस तेव्हा कपडे रक्तानं भिजले होते. मुलगी होती.

दवाखान्यात सांग-उकनं विचारलं, "आई, ही तुला काही बोलली नव्हती?"

"चकार शब्द नाही," मी म्हटलं.

तो तुझ्यावर ओरडला, "स्वतःच्या लेकराचीसुद्धा काळजी नाही तुला!" तू माझ्याकडे पाहिलंस. वडीलधाऱ्यांना खोटं पाडायचं नाही, हीच या घरची शिकवण. तू गप्प राहिलीस. सहा महिन्यांनी घर सोडलंस, तेव्हाही गप्पच. मी मात्र गावभर सांगत फिरले, या शिकलेल्या मुलींना संसार नको, नुसते हक्क हवेत.

यंदा पुरुष नमस्काराला ओळीनं उभे होते. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, घरात सून टिकली असती तर या वयात तुम्हाला राबावं लागलं नसतं. पण ती निघाली बेफिकीर."

मी ओल्या हातांनी तशीच पुरुषांत जाऊन उभी राहिले. "तिनं सांगितलं होतं. सकाळी नऊला. मीच तिला उठू दिलं नाही. आणि दवाखान्यात खोटं बोलले."

"अहो, पूर्वजांसमोर हे काय काढलंत!"

"त्यांच्याच पूजेपायी झालं ना? मग ऐकू दे त्यांनाही."

सांग-उकनं हातातला पेला खाली ठेवला आणि निघून गेला. अजून माझ्याशी बोललेला नाही. बोल, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

माझ्या सासूनंही मला असंच राबवलं होतं. तेव्हा मनाशी ठरवलं होतं, आपल्या सुनेला जपायचं. जपली ती फक्त सासूची जागा.

माफी मागत नाही. मोठ्यांनी मागितली, की लहानांना द्यावीच लागते.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. मोठ्यांच्या पत्राचं उत्तर चुकवायचं नाही, हे मीच तुला शिकवलं होतं. तेवढं एक तरी विसर.

तुझी अपराधी,
नो बुन-इ