गौरम्माच्या हातची विभूती

मी, गुरुपादप्पा वीरण्णा हत्ते, वय ६६, निवृत्त लॅब टेक्निशियन, सध्या मुक्काम लातुरातल्या दवाखान्यात, खाट क्रमांक पाच. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही. अंगात ताप आहे, पण अक्षर माझेच.

१. राहते घर पत्नी गौरम्मा हिचे. माडीवर क्लासच्या पोरी राहतात. मुलगा रविकिरण याने परीक्षेच्या तोंडावर त्यांना खोली सोडायला लावू नये.

२. माझा मायक्रोस्कोप नात दामिनी हिला. भिंगाला बोट लावू नये.

३. डॉ. व्यंकटराव यांच्यावरचा राग सोडत आहे. साध्या तापाला भारी औषध देऊ नका, असे मी वीस वर्षे सांगितले. "तुमी रिपोर्ट द्या, अप्पा. औषधाचं आमी बघून घेतो," म्हणायचे. आता रोज माझ्या खाटेशी मान खाली घालून उभे राहतात.

४. माझा आजार. खाट तीनवरच्या रुग्णाच्या जखमेतल्या जंतूत शेवटच्या औषधालाही न जुमानणारे जनुक होते. माझ्या लघवीतला जंतू वेगळ्या जातीचा, औषधाने मरणारा. आठ दिवसांत पुण्याच्या तपासणीत तेच जनुक त्याच्यातही निघाले. खाट तीनवरचा जंतू कोणाच्या तरी हाताने माझ्यापर्यंत आला आणि आपले जनुक याला देऊन मोकळा झाला. माणसाचा वारसा बापाकडून पोराकडे जातो. जंतू शेजारच्या परक्यालाही देतात. ना नोंदणी, ना साक्षीदार.

५. भूकंपात आमचा थोरला गेला. तो आजोळी होता. गौरम्मा रडत बसली नाही. दवाखान्यातल्या जखमींच्या कपाळी विभूती लावत फिरली. माणसे उठली ती साध्या इंजेक्शनांनी, पण लोक म्हणाले, "गौरम्माचा हात लागला." त्या बोलण्यावर ती पंचवीस वर्षे जगली.

६. इथेही ती रोज फेरी घालते. विभूती लावते, जखमेची पट्टी नीट करते, सलाइनची नळी सरळ करते, की पुढची खाट. मध्ये हात धूत नाही. जंतू तिनेच आणला असे मी शपथेवर सांगू शकत नाही. नर्सचा, डॉक्टरांचाही हात असेल. तीनदा सांगायला गेलो. "लई बोलू नका. दम लागून राहिला तुमाला," म्हणाली आणि माझ्या कपाळी बोटे टेकवली. भित्रा आहे मी.

७. काल बायकांच्या वॉर्डातल्या शांतम्माला ताप भरला. सिझेरियन होऊन चार दिवस झालेत. लेकरू कुशीतच असते. गौरम्मा तिथेही जाते.

म्हणून वकील अण्णाराव यांनी बाकीची कलमे मी गेल्यावर वाचावीत. सहावे मात्र आजच, माझ्या जिवंतपणी, तिला समोर बसवून वाचावे. मी भिंतीकडे तोंड करून निजेन. तिच्या तोंडाकडे मला बघवणार नाही.

(सही) गुरुपादप्पा वीरण्णा हत्ते

आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत:
१. डॉ. व्यंकटराव
२. रेणुकादास, लॅबमधील जुने सहकारी

लातूर, ९ ऑगस्ट २०१८, सकाळी साडेनऊ. ती दहाला येते.