आमच्या घराण्याची मांडी

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मिग विमान गेलं! बासष्ट वर्षं उडून आज निवृत्त. टीव्हीवर पाण्याचे फवारे मारून निरोप दिला. धाकट्या बहिणीचे, उत्कर्षाचे डोळे भरून आले. आईचं लक्ष फवाऱ्यांकडे — "केवढं पानी घालवलं गं बाई!" आमचे वडील, तात्या, म्हणाले, "बासष्ट वर्सं? मग आपला ट्रॅक्टर अजून तरणाच म्हनायचा की!"

कालच नव्या सत्त्याण्णव तेजस विमानांचा करार झालाय. आमच्या बहिणाबाई घरभर सत्त्याण्णव-सत्त्याण्णव करत फिरतायत. मी म्हटलं, बाई, करार झालाय, विमान आलेलं नाही. उसाची नोंद केली म्हणजे लगेच तोड आली का? तर म्हणे, "दादा, तुझ्यापेक्षा ऊसतोडीचा मुकादम बरा. तो निदान खोटं तरी गोड बोलतो."

तात्यांचं गणित सरळ. "नव्या गाड्या आल्या म्हंजी डायव्हर लागनारच. यष्टीत तसंच अस्तंय." आमच्या शेळगावात लढाऊ वैमानिक म्हणजे यष्टीचा डायव्हरच — फक्त वरच्या रस्त्याचा.

हवाई दलाची तिची लेखी परीक्षा ऑगस्टमध्ये झालीय. निकाल कधीही लागेल.

३ ऑक्टोबर

पास! उत्कर्षा लेखी पास! डिसेंबरात म्हैसूरला मुलाखतीचं बोलावणं. तात्यांनी पेढे वाटले. शेजारच्या सर्जेरावकाकांनी दोन उचलले, एक तोंडात टाकला आणि तोंड भरलेलं असतानाच तात्यांना विचारलं, "समदं बरं हाय जोतीराम, पर पोरीच्या मांडीचं काय?"

झालं! संध्याकाळपर्यंत चावडीपासून डेअरीपर्यंत एकच चौकशी. पोरीच्या मांडीचं काय. दुसऱ्या एखाद्या गावात असं विचारलं असतं तर डोकी फुटली असती. आमच्याकडे तात्या शांतपणे सांगतात, "मोजून घ्यायाची. आमच्या घराण्याची मांडीच लांब. आज्यापास्नं हाय ते. अवी त्याच्यातच गेला बगा."

अवी म्हणजे मी.

४ ऑक्टोबर

निदान इथं तरी खरं लिहितो. मग हे पान फाडून चुलीत.

चार वर्षांपूर्वी मीसुद्धा म्हैसूरला गेलो होतो. मुलाखती झाल्या, निवड झाली. मग शेवटची यंत्राची परीक्षा. पडद्यासमोर बसायचं, हातात दांडे, पायात पॅडल. हलणारा ठिपका चौकटीत धरून ठेवायचा. त्याच वेळी कानात आकडे येतात, ते लक्षात ठेवायचे. त्याच वेळी दिवे लागतात, ते विझवायचे. माझा ठिपका पहिल्या मिनिटात जो चौकटीबाहेर गेला तो गेलाच. ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते. एकदाच! नापास झालात की वैमानिकीचं दार कायमचं बंद. वशिला नाही, फेरपरीक्षा नाही.

बाविसाव्या वर्षी घरी काय सांगायचं? गाडीत एकाकडून ऐकलं होतं, मांडी चौसष्ट सेंटिमीटरपेक्षा लांब असली तर घेत नाहीत. विमान पडायला लागलं की खुर्चीसकट बाहेर फेकतात ना, तेव्हा गुडघे पुढच्या फळीला आपटतात. दौंडला उतरलो आणि तात्यांना म्हटलं, "मांडी पासष्ट भरली."

आठवड्यात तात्या गावभर सांगायला लागले. तेव्हापासून आजतागायत! लग्नाकार्यात, कारखान्याच्या सभेत, न्हाव्याकडे. आज्याची मांडीसुद्धा त्यांनीच शोधून काढली. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हल्ली मी ड्रोननं उसावर औषध मारतो. दहा लिटरचं माझं लढाऊ विमान.

९ ऑक्टोबर

उत्कर्षाला घेऊन बारामतीला, माऊली टेलरकडे. माऊलीनं विचारलं, "पॅन्ट का सलवार?" मी म्हटलं, "विमान." त्यानं टेप बायकोच्या हातात दिली आणि स्वतः बाहेर जाऊन बसला.

अनितावहिनींनी तिला स्टुलावर भिंतीला टेकून बसवलं. भिंतीपासून गुडघ्यापर्यंत टेप ताणली. त्रेसष्ट! चौसष्टच्या आत, पण जेमतेम. उत्कर्षाचा चेहरा पांढराफटक. वहिनी म्हणाल्या, "घाबरू नगं. थोडी बारीक झालीस की मागनं अर्धा सेंटीमीटर सुटंल."

कशाला बोलल्या!

१७ ऑक्टोबर

उत्कर्षाची भाकरी बंद. भात बंद. सकाळी काकडी, संध्याकाळी ताक. आईनं ताट आपटलं — "इमान चालवायचंय का हवंत उडून जायचंय?"

मी म्हटलं, अगं, आतच आहेस ना? म्हणाली, "त्यांची टेप वेगळी असली तर? तुझी एका सेंटिमीटरनं गेली दादा. मी नाही घालवणार."

१८ ऑक्टोबर

आज दुपारी विचारलं तिनं. "दादा, ते यंत्राचं कसं असतं रे? तू पास झाला होतास ना त्यात?"

मी म्हणालो, "सोप्पं असतं गं. मोबाईलवरच्या गेमसारखं."

सोप्पं! जीभ झडली कशी नाही माझी.

२४ ऑक्टोबर

दिवाळीच्या फराळाचे डबे तसेच पडून. बहिणाबाईंनी एक चकली खाल्ली आणि नंतर दहा मिनिटं पश्चात्ताप केला.

सर्जेरावकाका फराळाला आले होते. म्हणाले, "पोरी, उगा उपाशी मरू नगं. नव्या इमानाला आता पायलटच लागत न्हाय म्हनं. अवीच्या ड्रोनवानी खालनंच चालवत्यात."

तिनं काकांना बसवून ऐकवलं. "काका, विमान सरळ ठेवायचं काम आता कॉम्प्युटर करतो, बरोबर. म्हणून तर माणसाचं काम वाढलंय. पडद्यावर बघायचं, कानानं ऐकायचं, शत्रू कुठाय, आपला कोण, क्षेपणास्त्र सोडायचं का नाही — सगळं एकाच वेळी. जुन्या विमानाला हात लागायचे, नव्याला डोकं लागतं."

काका म्हणाले, "मग मांडी कशाला मोजत्यात? डोकं मोजावं की!"

सगळे हसले. मी हातातली चकली डब्यात परत ठेवली. तिला नेमकं कळतं की तिथं काय लागणार आहे, आणि माझ्या थापेपायी ती काकडी खात बसलीय. दीड महिना राहिला. हिचासुद्धा ठिपका गेला तर तो मी घालवलेला असेल.

२ नोव्हेंबर

सांगून टाकलं.

सोमेश्वरनगरकडे एकांचा ऊस फवारायचा होता. तिला मुद्दाम बरोबर नेलं. ड्रोन खाली उतरवला आणि एका दमात बोललो. ठिपका, आकडे, दिवे, पहिलं मिनिट. मांडी लांब नव्हती, मी नापास झालो होतो.

तिनं माझ्या हातातला रिमोट काढून घेतला, नीट खोक्यात ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे महिनाभर मी भाकरी सोडली ती कशासाठी?"

मी ड्रोनची पाती पुसायला लागलो.

"सोप्पं असतं म्हणालास! गेमसारखं! भाऊ आहेस का सर्जेराव?"

गाडीवर मागं बसली, तोंड उसाकडे करून. वाटेत सगळीकडे तोडीची गर्दी, बैलगाड्या, ट्रॉल्या. मी दोनदा मागं वळून बघितलं. रडत होती.

३ नोव्हेंबर

बोलत नाही. भाकऱ्या मात्र चार खाल्ल्या.

५ नोव्हेंबर

बोलली! पण अटीवर. एक — रोज दोन तास सराव घ्यायचा. दोन — तात्यांना खरं सांगायचं. "मी नाही सांगणार. ते तुझं तू. मी म्हैसूरहून यायच्या आत."

पहिली अट कबूल. दुसरीला मान हलवली. मान हलवायला काय जातंय!

११ नोव्हेंबर

घरात कॉकपिट झालंय. खुर्ची, हातात माझा जुना रिमोट, पायाखाली शिलाई मशीनचं पॅडल. मोबाईलवर ठिपक्याचा खेळ. मी बाजूला उभा राहून आकडे ओरडतो आणि आईनं ताट वाजवलं, म्हणजे दिवा लागला, की हिनं "विझला!" म्हणायचं. आईला ताट वाजवायला फार आवडतं. उगीचच वाजवते. "शत्रू काय सांगून येतोय का?" — हे आईचं म्हणणं. बरोबरच आहे.

तात्या दारातून बघत होते. कशासाठी चाललंय हे विचारलंच नाही. म्हणाले, "हात, पाय आन् डोकं एका टायमाला चालवायचं आसंल तर ट्रॉली रिव्हर्स घ्यायला शिकव तिला."

१९ नोव्हेंबर

तात्यांची शाळा जोरात. रिकामी ट्रॉली उलटी घ्यायची. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडं. त्यात मी सतराचा पाढा विचारणार. पहिल्या दिवशी ट्रॉली पाटात. दुसऱ्या दिवशी शेवग्याचं झाड आडवं. तात्या ओरडत नाहीत. "परत," एवढंच म्हणतात.

आज उसाच्या दोन फडांमधून सरळ घेतली! सतरा नव्वे एकशे त्रेसष्ट — चुकलं. एकशे त्रेपन्न! असं ओरडत. मी टाळ्या वाजवल्या. तात्या म्हणाले, "इमान रिव्हर्स जात न्हाय का गं?"

३० नोव्हेंबर

तात्यांना सांगायचं राहिलंय. आज सांगणार होतो. ते म्हणाले डोकं दुखतंय.

४ डिसेंबर

आज माझं दुखत होतं.

७ डिसेंबर, रविवार

दौंडला तिला गाडीत बसवलं. आईनं एवढे लाडू दिलेत की निवड मंडळसुद्धा खाऊन उरतील. खिडकीतून उत्कर्षा मला म्हणाली, "सांगितलंस?" मी म्हटलं, "आज." म्हणाली, "भित्रा."

परतताना इंदापूर फाट्यावर चहा घेतला. तिथं मी तोंड उघडलं, तर चहावाल्यानं विचारलं, "तात्या, पोरीची मांडी मोजली का?" आणि तात्या लागले की सांगायला! आज्यापासून. मी चहा पिऊन टाकला.

१० डिसेंबर

आमची तोड आली. कोयते सकाळीच फडात. तेजस आलं का माहीत नाही, ऊस निघाला.

१३ डिसेंबर

तिचा मेसेज — "सगळ्या मुलाखती पार! निवडलं! एकशे दहा जणांतून सहा! उद्या यंत्र."

मी फडातच उड्या मारल्या. तोडणाऱ्या मावशी हसत होत्या. आईनं गूळ वाटला. तात्यांनी मेसेज तीनदा वाचायला लावला आणि मग विचारलं, "उद्या किती वाजता?"

१४ डिसेंबर

दिवसभर फोन नाही. मी दोनशे वेळा मोबाईल बघितला असेल. सतराचा पाढा आपोआप म्हणत होतो.

चारला आला. आवाज शांत. "दादा, पहिले दोन भाग मस्त गेले. तिसऱ्यात आकडे वाढले, आणि ठिपका सुटला. मी परत आणला रे! पण उशीर झाला होता."

तिचा महिना गेला माझ्यापायी, काकड्यांत. तो मिळाला असता तर? मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं." म्हणाली, "थोडं तुझ्यामुळे, थोडं माझ्यामुळे. भांडण घरी आल्यावर." मग जरा वेळानं — "तात्यांना मी स्वतः सांगते. तू मध्ये पडू नको."

फोन ठेवल्यावर बांधावर बसून रडलो. तिच्यासाठी आणि, लाज वाटते, पण माझ्यासाठीसुद्धा. चार वर्षं राहिलं होतं ते.

१५ डिसेंबर

सकाळी तात्या बांधावर येऊन शेजारी बसले.

"पोरीचा फोन आलता. मशिनीत गेली म्हनाली. मी म्हनलं, काळजी करू नगं, गावाला मांडी सांगतो, लोकांना सवय हाय. तर नगं म्हनली. खरं तेच सांगा म्हनली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. तात्या उसाकडे बघत होते.

"तू आलास तवा दोन दिस निजून व्हतास, गुडघं पोटाशी घिऊन. मला वाटलं, त्यांनी चुकीची मोजली आसंल. अर्ज करावा, दिल्लीपत्तुर जावं. म्हनून तू झोपेत आसताना टेप लावली. एकसष्ट भरली."

"कुनाला बोललो न्हाय. तुझ्या आयलाबी न्हाय."