काढून ठेवलेली चकती

९ एप्रिल
वाचवलं किती? दोनशे ग्रॅम. त्यापायी गेलं काय? आठ महिन्यांत काढलेल्या प्रत्येक फोटोमागे, पेशंटच्या तोंडावर आपटून उलटे फिरणारे किरण – सगळे मशीन धरणाऱ्याच्या अंगावर!

लेकीच्या दवाखान्यात आज कंपनीचा इंजिनिअर आला होता. हातात धरून दातांचा एक्स-रे काढायचं ते मशीन उचललं, पुढची नळी बघितली. "इथली पारदर्शक चकती कुठंय?"

मीच काढली होती. लेक म्हणायची, बाबा, जड आहे, मनगट भरून येतं. पंचवीस वर्षं दातांच्या डॉक्टरांना सामान विकतोय – कुठल्या वस्तूत काय उगाच लावलंय ते हात लावताच कळतं मला, असं म्हणत दोन स्क्रू फिरवले होते.

"काका, किरण अडवते ती चकतीच. मशीन कोण चालवतं?"

"मीच," लेक म्हणाली.

तिला चौथा महिना आहे.

१० एप्रिल
चकती बसवली. पाच मिनिटांचं काम. मागचे आठ महिने कसे बसवू?

१४ एप्रिल
अंगावर किती किरण पडले ते लेकीच्या कोटावरच्या बॅजमध्ये साठतं. तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो, तसा गेलाय. प्रयोगशाळेला फोन केला. "नंबर आला की कळवू." आजवर ओळख काढून कुठलंही काम करून घेतलं. इथे कोणी ओळखीचं नाही.

१९ एप्रिल
बायको कामापुरतं बोलते. "अक्कल पाजळायला दुसरं काही मिळालं नाही?" लेकच तिची समजूत घालते. मला म्हणाली, "बाबा, नीट जेवा हो. मला काही होणार नाही." पोरीचं धैर्य बघून ताट बाजूला सारलं.

दवाखान्यात डोकावलो. तिथल्या मदतनीस मावशी हत्यारं धूत होत्या. टोमणा मारलाच – "साहेब, खुर्चीचे स्क्रू तेवढे ठेवा, पेशंट आपटेल!" मी हसलो. लेक नाही हसली.

२३ एप्रिल
फोन नाही.

२ मे
अहवाल आला! नोंदण्याइतकं काही नाही! दोनदा वाचून घेतला. बायकोला ठणकावून सांगितलं – माझ्या हातून कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही! लेकीला फोन केला. ती रडायलाच लागली. आनंदानं असेल.

३ मे
लेक सकाळीच घरी आली. मनगट दुखतं म्हणून डिसेंबरपासून तिनं मशीनला हात लावलेला नाही. शिकलेल्यानंच ते चालवायचं असतं, म्हणून इंजिनिअरसमोर "मीच" म्हणाली. तेव्हापासूनचे फोटो सगळे मावशींनी काढलेत.

मावशींसाठी आम्ही बॅज मागवलाच नव्हता.