मागचे वल्हे

ता. ३, सोमवार

मला सर्व जण मिस्त्री म्हणतात. वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, व्यवसाय होड्या बांधणे, आता निवृत्त. दृष्टी व स्मरणशक्ती शाबूत. पुढील मजकूर मी स्वहस्ते, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे.

आज सकाळी मी व माझे जावई दोन जणांच्या कयाकमधून समुद्रात उतरलो. गेल्या वर्षी याच किनाऱ्यावर, याच कयाकमधून तोल जाऊन माझी एकुलती मुलगी बुडाली, असे जावईबापूंचे म्हणणे आहे. ती जागा एकदा दाखवा, अशी विनंती मी केली व त्यांना नाही म्हणवले नाही. खरे काय घडले ते त्यांच्याच तोंडून वदवून घेणे, हा माझा हेतू आहे. तो आता दूर नाही. त्यामुळे मन अत्यंत प्रसन्न आहे.

कयाक प्लॅस्टिकची आहे. जिला लाकूड नाही तिला मी होडी म्हणत नाही, असे मी सुनावले. "आप्पा, तुमच्या सगळ्या होड्या चुलीत गेल्या, ही अजून तरंगतेय," असे म्हणून जावई हसले. पुढे बसणाऱ्यास मागचा माणूस दिसत नाही, केवळ त्याचे वल्हे ऐकू येते. मुलगी पुढे बसत असे. त्या जागी मी बसलो.

खडकांवर पाणकावळे पंख वाळवीत होते. आमच्या किनाऱ्यावर कधी न दिसणारा एक सील छातीपर्यंत पाण्याबाहेर येऊन बराच वेळ पाहत राहिला. मिशा थेट आमच्या हेडमास्तरांच्या.

ता. ४, मंगळवार

काल रात्री वाटेत मुक्काम करून आज बेटावर तंबू ठोकला. समोरच्या खडकांवर सील मोजले, एकोणीस. जावई जिकडे जातील तिकडे सर्वांच्या माना वळतात. जावयांना ते आवडलेले नाही.

वल्हे पाण्याबाहेर काढले की काठावर दोनदा आपटून निथळवायचे, ही सवय मुलीला लहानपणी मीच लावली. आज वाटेत तोच आवाज आला. जावयांना मी म्हणालो की काठावर आपटू नका. ते म्हणाले, "मी कुठे आपटतोय? तुमचंच चाललंय."

माझे चाललेले नव्हते.

बुडण्यापूर्वी आठ दिवस मुलगी माझ्याकडे आली होती. नवऱ्याविषयी तक्रार होती. मी रीतसर समजूत घातली. चल, मी बसवून देतो, असे म्हणून तिची बॅग स्वतः उचलली व तिला बसमध्ये बसवून दिले. यात माझे काही चुकले असे मला वाटत नाही.

ता. ५, बुधवार, सकाळ

पहाटे धुके. तंबूशेजारी उपडी ठेवलेली कयाक आतून दोनदा वाजली. जावयांनी ती उलटून पाहिली. आत ओली वाळू, दुसरे काही नाही. मग ते सर्व बोलले.

तिने सोडून जाण्याची भाषा केली म्हणून भांडण झाले. कयाक हेलकावली, ती पडली. "तिनं काठ धरला होता, आप्पा. सोडेचना. मी बोटांवर वल्हं मारलं." त्यापूर्वी ते तिला जे बोलले, ते नाइलाजाने जसेच्या तसे लिहितो : "जा ना! बाप दारात तरी उभं करतो का तुला?"

रडून त्यांचे मन हलके झाले. गोडे पाणी संपले होते, ते आणण्यास जावई कयाक घेऊन एकटे निघाले. तत्पूर्वी कयाकच्या मागच्या टोकाचे बूच मी काढून खिशात घातले. चाळीस वर्षे होड्यांची भोके बुजवली. उघडले हे पहिलेच.

ता. ५, दुपार

कयाक बुडाली. जावयांच्या अंगात लाइफ जॅकेट होते, म्हणून ते तरंगले व पोहत खडकाशी आले. सील भोवती होते. चावले नाहीत. केवळ वाट देत होते.

"आप्पा, हात द्या!"

त्यांनी खडक धरला. दुसरे वल्हे माझ्याजवळ होते. बोटांवर मारले. एकदा मारून भागले नाही.

जॅकेट नंतर एकटेच वर आले. पट्टे लावलेलेच होते.

मुलीचा हिशोब पुरा झाला.

ता. ६, गुरुवार

कयाक परत आली आहे. तंबूच्या दाराशी, सुलटी. तिच्यात पाणी नाही. बूच माझ्या खिशात आहे, तरी भोक बंद आहे — लांब केसांच्या बोळ्याने. ओढून पाहिला. निघत नाही.

सील आता माझ्याकडे पाहतात.

ता. ६, दुपार

निघालो. घराकडे. पुढच्या जागेवर. मागे वल्हे ऐकू येते.

मी वल्हवणे थांबवले आहे. वल्हे मांडीवर, वहीही मांडीवर. कयाक चालली आहे. किनारा मागे —

काठावर दोनदा.

बस सुटताना तिने काच अशीच दोनदा वाजवली होती. मी ऐकले होते. वर पाहिले नाही. चुकले. येथे लिहून देतो, माझे —

"आप्पा, चला, मी बसवून देते."

वरील मजकूर खरा आहे. समक्ष हजर साक्षीदार : सील, एकोणीस. जावई, पाण्याखालून. आणि मागच्या जागेवर, माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून, माझी —