हिरडी, टाचण्या आणि डॉक्टरांचा खिसा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून आणि तोंड मिटून नमस्कार. (तोंड का मिटून, ते पुढे येतंच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की अजूनही तू बोलायला लागलीस की नेमका येतो? इकडे सगळे मजेत आहेत. मी तर फारच मजेत आहे, असं दातांचे डॉक्टर म्हणतात.

झालं असं, की ज्या पुढच्या दातानं मी आजवर दुकानातला प्रत्येक दोरा तोडला (कात्री हाताशी असताना! हे तुझं वाक्य मीच लिहून टाकतो, तुझे श्रम वाचले) त्या दातानं अखेर संप पुकारला. हिरडी सुजली. वरचा ओठ असा काही पुढे आला, की मी रुसलोय असं तुझी भावजय समजत होती, आणि कशावरून रुसलो हे विचारायचीही तसदी तिनं घेतली नाही. कळल्यावर मात्र तिनं मला धरून दवाखान्यात नेलं आणि मी पळू नये म्हणून स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसली. डॉक्टर म्हणाले, मुळाशी साफसफाई करू, वर तात्पुरती टोपी बसवू, हिरडी भरून आली तर दात वाचेल, नाहीतर काढावा लागेल. मी फक्त 'वाचेल' एवढंच ऐकलं. तो दात गेला तर शिंप्याचं अर्धं दुकान गेलं, ताई, हे तुला वेगळं सांगायला नको.

पहिल्या दिवशी सुई टोचून त्यांनी ओठ बधिर केला. तासाभरानं मी दुकानात, समोर बँकेचे मॅनेजर कोटाच्या ट्रायलला उभे. सवयीप्रमाणे टाचण्या ओठांत धरल्या आणि एकेक काढून बाही टाचू लागलो. साहेबांचा चेहरा उतरत चाललेला दिसला. मला वाटलं, कोट घट्ट होतोय, म्हणून काखेत सैल केला. तरी उतरतोच आहे! शेवटी ते स्टुलावर मटकन बसले आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवू लागले. आरशात पाहतो तो एक टाचणी ओठातच रुतून मिशीसारखी आडवी डोलतेय आणि मला पत्ता नाही. टाचणी मी काढली, पाणी त्यांना पाजावं लागलं. कोट मात्र बसलाय फक्कड.

मग सुरू झाला टोपीचा जाच. तिची कड हिरडीला अशी घासते, जशी कडक खळ घातलेली नवी कॉलर मानेला. कॉलर निदान उलटवता तरी येते. डॉक्टरांनी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या सांगितल्या, मऊ ब्रश दिला आणि बजावलं की तिथे जीभ लावू नका. ते सांगेपर्यंत माझी जीभ आपल्या कामात होती. आता ती दिवसभर तिथेच मुक्कामाला असते. गुळण्यांनी मात्र खरंच आराम पडतो. (शेजारच्या न्हाव्यानं मीठ थेट हिरडीवर चोळायला सांगितलं होतं. मी चोळलं. त्यावर मी जे बोललो, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

दुसऱ्या खेपेला मशीन घरघरायला लागलं आणि भीतीनं माझ्या हाताला जे लागलं ते मी घट्ट धरलं. तो डॉक्टरांच्या कोटाचा खिसा होता. टर्रकन फाटून हातात आला. मी ओशाळलो, पण शिवण पाहिली आणि राहवलं नाही. असली विरळ शिलाई! खिशातला सुईदोरा काढला आणि तिथेच आडवं पडून खिसा जागच्या जागी बसवून दिला. डॉक्टर कोटात उभे, मशीन चालू, मी खुर्चीत, आणि काय सांगू ताई, भीती कुठल्या कुठे! हात कामात असले की माझं तोंड कुणी खणतंय, हेच विसरायला होतं. डॉक्टर चतुर निघाले. आता मी जाऊन पडलो की नर्सबाई मांडीवर काहीतरी उसवलेलं आणून ठेवतात. मी चाचपून टाके घालतो, डॉक्टर आपलं काम करतात. ॲप्रन झाले, पडदे झाले, खुर्चीची गादी झाली. घाबरायचे दिवस गेले म्हण ना. उलट तुझी दाढ दुखते असं ऐकतो, तर खुशाल जा, काही होत नाही, या धाकट्याचा आदर्श ठेव.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
निधड्या छातीचा भाऊ

ता. क. : येत्या गुरुवारी टोपी काढून दात ठेवायचा की उपटायचा, ते डॉक्टर ठरवणार आहेत. दवाखान्यातलं सगळं शिवून संपलं. घरात उसवलेलं, फाटलेलं, बटण तुटलेलं जे असेल ते घेऊन तू बुधवारीच ये. तुझी भावजय दाराशी बसते, आत येत नाही. तिला माझ्याहून जास्त भीती वाटते.

ता. क. : काहीच फाटलेलं नसेल, तर नुसतीच ये. हात धरायला कुणीतरी पाहिजे.